एका पाद्र्याची भाषा, एका डॉक्टरची भाषा

मंडळी, आज जरा व्याकरण. थांबा, पळू नका! विभक्तीचे तक्ते पाठ करायला लावणार नाही. (दोन-तीन दाखवीन फक्त.) आमच्या घरातली जी नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात, निदान तसं मला तोंडावर सांगतात, त्यांनीही शेवटपर्यंत यावं. कारण ही गोष्ट व्याकरणाची असली तरी भांडणाची आहे, आणि भांडणाच्या गोष्टी आपल्याकडे सगळ्यांनाच आवडतात.

भाषा कुणी टेबलाशी बसून, कागद-पेन्सिल घेऊन बनवत नाही, ती आपोआप होते, असं आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात दोन माणसांनी दहा वर्षांच्या आत नेमकं हेच केलं. एक जर्मन कॅथलिक पाद्री, दुसरा पोलंडमधला (तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता) ज्यू डोळ्यांचा डॉक्टर. दोघांनाही सगळ्या जगासाठी एक सोपी दुसरी भाषा हवी होती. आईची भाषा घरात राहू दे, बाहेर ही वापरा, एवढंच म्हणणं. पाद्र्याच्या भाषेला आधी अफाट यश मिळालं आणि ती दहा-बारा वर्षांत कोसळली. डॉक्टरची भाषा रखडत रखडत चालली आणि आजही चालते आहे. असं का झालं याचं नेहमीचं उत्तर 'दुसरी सोपी होती म्हणून' असं देतात. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं सांगण्यासाठी हा खटाटोप.

पाद्र्याचं नाव योहान मार्टिन श्लायर. दक्षिण जर्मनीत कॉन्स्टान्स सरोवराकाठी लिट्झेलश्टेटन नावाच्या खेड्यात त्याचं चर्च होतं. पन्नासहून जास्त भाषा येतात असा त्याचा लौकिक, शिवाय कवीही. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. त्याच्या गावच्या एका शेतकऱ्याचं अमेरिकेतल्या मुलाला पाठवलेलं पत्र परत आलं, कारण तिकडच्या टपालवाल्यांना पत्ताच वाचता आला नाही. ते श्लायरच्या डोक्यात राहिलं. मग मार्च १८७९ मध्ये एका रात्री झोप येईना, आणि त्या जागरणात सगळ्या जगाच्या भाषेचा आराखडा आपल्याला सुचला, तोही देवाच्या कृपेने, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. १८८० मध्ये पुस्तक आलं. भाषेचं नाव व्होलापूक. 'व्होल' म्हणजे जग, 'आ' हा षष्ठीचा प्रत्यय, 'पूक' म्हणजे बोलणं. जगाचं बोलणं. दोन्ही शब्द इंग्रजीतल्या 'वर्ल्ड' आणि 'स्पीक' वरून घेतलेत. ओळखू आले? नाही ना? हीच तर गंमत आहे.

श्लायरने शब्द इंग्रजी, जर्मन, लॅटिनमधून घेतले खरे, पण ते आपल्या कातरीतून काढले. मूळ शब्द शक्यतो एका अक्षराचा, सुरुवातीला व्यंजन, शेवटी व्यंजन. आणि 'र' शक्यतो नको. का? तर चिनी लोकांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना 'र' जड जातो म्हणून! हेतू किती चांगला बघा. पण 'र' काढून त्याने ठेवला 'ल', जो जपानी माणसाला येत नाही. त्याला उलट 'र' च्या जवळचं काहीतरी येतं. आणि परिणाम असा झाला की सगळी भाषा आपल्याकडच्या दोन वर्षांच्या पोरासारखी बोबडी वाटते. अमेरिकेचं झालं 'मेलोप', युरोपचं 'युलोप'. मित्राला (इंग्रजी फ्रेंड) 'फ्लेन'. आणि गुलाबाला, म्हणजे रोजला, 'लोल'. (इंटरनेटवरच्या मंडळींनी हसू नये. त्या बिचाऱ्याला पुढचं काय माहीत.)

'र' काढला, पण जर्मन माणसाच्या तोंडात बसलेले दोन स्वर मात्र तसेच ठेवले. एक 'ऊ' आणि 'ई' यांच्या मधला: ओठ 'ऊ' सारखे गोल करायचे आणि आत जीभ 'ई' च्या जागी न्यायची. दुसरा तसाच 'ओ' आणि 'ए' यांच्या मधला. वर मी 'पूक' लिहिलं, त्यातला स्वर खरं तर हा पहिला. देवनागरीत तो लिहिताच येत नाही. इंग्रज, स्पॅनिश, इटालियन आणि तुम्ही-आम्ही, सगळेच इथे अडखळतो. जर्मनाला मात्र काहीच अडचण नाही. दुसऱ्याची जीभ कुठे अडखळते याचा विचार माणूस फार प्रामाणिकपणे करतो, फक्त आपली कुठे अडखळत नाही ते त्याला दिसत नाही.

व्याकरण मात्र झकास होतं. मला तर ते वाचताना शाळेतल्या संस्कृतच्या तासाची आठवण झाली. 'दोम' म्हणजे घर. दोमा घराचं, दोमे घराला, दोमी म्हणजे कर्म असलेलं घर. अनेकवचनाला नुसता 'स' लावायचा. अपवाद एकही नाही. क्रियापदात तर श्लायरने हौस भागवून घेतली. 'गिव' म्हणजे देणं. गिवोब मी देतो, गिवोल तू देतोस, गिवोम तो देतो, गिवोफ ती देते, गिवोब्स आम्ही देतो. म्हणजे कर्ता मागे चिकटला. काळ पुढे चिकटतो: एगिवोब मी दिलं आहे, ओगिवोब मी देईन, उगिवोब मी दिलेलं असेन. त्याच्याही आधी 'प' लावला की कर्मणी. असे डबे एकाला एक जोडत गेलं की एका क्रियापदाची हजारो रूपं तयार होतात. सगळी नियमित, पण हजारो. व्यापारी पत्रव्यवहारासाठी भाषा शिकायला आलेल्या माणसाला 'मी दिलेलं असेन' याचं स्वतंत्र रूप कशाला हवं असेल?

तरीही लोक तुटून पडले. १८८४ मध्ये फ्रीड्रिक्सहाफेनला पहिलं अधिवेशन, १८८७ मध्ये म्युनिकला दुसरं, १८८९ मध्ये पॅरिसला तिसरं. १८८९ च्या सुमाराला २८३ मंडळं, २५ नियतकालिकं आणि २५ भाषांमधून ३१६ पाठ्यपुस्तकं असा हिशेब देतात. पॅरिसच्या अधिवेशनाचं कामकाज व्होलापूकमध्येच चाललं. आणि तिथेच भाषेला तडा गेला.

तिथला मुख्य माणूस होता ऑग्युस्त केर्कहॉफ्स. मूळचा नेदरलंड्सचा, पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारा. (गुप्तलिपीचं शास्त्र शिकलेल्यांनी हे नाव ऐकलं असेल. 'यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी गुपित फक्त किल्लीत राहिलं पाहिजे' हे तत्त्व त्याचंच, १८८३ मधलं.) फ्रान्समध्ये व्होलापूक पसरवली ती त्याने. म्युनिकला १८८७ मध्ये भाषेची अकादमी स्थापन झाली, तिचा तो संचालक. त्याचं म्हणणं साधं होतं. लोकांना ही भाषा व्यवहारासाठी हवी आहे, तर नको ती रूपं छाटूया. श्लायरला मात्र सगळ्या छटा पकडणारी, कविता लिहिता येईल अशी समृद्ध भाषा हवी होती. मतभेद तेवढाच असता तर मिटला असता. पण श्लायरने सांगितलं की भाषा माझी आहे, अकादमीने काहीही ठरवलं तरी शेवटचा नकार माझा. अकादमीने ते मानलं नाही. १८९१ मध्ये केर्कहॉफ्स राजीनामा देऊन बाजूला झाला. अकादमीने पुढे सुधारणा करता करता व्होलापूक सोडूनच दिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'इडिओम नॉयट्राल' नावाची भलतीच भाषा घेऊन बाहेर आली. मंडळं एकामागून एक बंद पडली. श्लायर १९१२ मध्ये वारला, तोपर्यंत भाषेचा मालक तोच होता, फक्त ती बोलणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं.

डॅनिश भाषेत आजही न समजणाऱ्या बडबडीला 'व्होलापूक' म्हणतात. १९३१ मध्ये आरी द योंग या डच डॉक्टरने तिची डागडुजी केली, 'र' परत आणला. २००७ मध्ये तर एका हौशी माणसाने संगणकाकरवी भराभर लेख बनवून व्होलापूकचा विकिपीडिया एक लाख लेखांच्या पुढे नेला होता! आपला मराठी विकिपीडिया तेव्हा त्याच्या आसपासही नव्हता. लेख भरपूर, वाचणारे नाहीत. असो.

आता डॉक्टरकडे येऊ. लुडविक लाझर झामेनहोफ, जन्म १८५९, गाव बियालिस्तोक. या गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू असे चार समाज, चारांच्या चार भाषा, आणि त्यांच्यात रोजची कुरबूर. पोराच्या मनाने घेतलं की भाषा एक असती तर ही माणसं भांडली नसती. (यावर माझा विश्वास नाही. एकाच भाषेत भांडणारे सख्खे भाऊ आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण पंधरा वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार, आणि सांगितलं नाही ते बरंच झालं.)

पुढे एका पत्रात त्याने ही भाषा कशी सुचत गेली ते लिहून ठेवलंय. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. वॉर्सामध्ये शाळेत असताना त्याला एकच चिंता होती: इतके शब्द लोकांनी पाठ करायचे तरी कसे? आणि रस्त्यावर त्याचं लक्ष एका पाटीकडे गेलं. 'श्वेयत्सारस्काया', म्हणजे दरवानाची खोली. मग दुसरी पाटी, 'कोंदितोर्स्काया', मिठाईचं दुकान. दोन्हींत शेवटी 'स्काया'. म्हणजे एक प्रत्यय कळला की अनेक शब्द फुकट! आपल्याकडे असता तर त्याला दवाखाना, छापखाना, कारखाना या पाट्या दिसल्या असत्या आणि तेच सुचलं असतं.

त्यातून जे निघालं ते असं. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', क्रियाविशेषणाला 'ए'. क्रियापदाला वर्तमानात 'आस', भूतकाळात 'इस', भविष्यात 'ओस'. पुरुष-वचन काही नाही: मी, तू, ते सगळ्यांना एकच. 'माल' लावला की उलट अर्थ. 'साना' म्हणजे निरोगी, 'मालसाना' आजारी, 'मालसानुलो' आजारी माणूस, 'मालसानुलेयो' आजारी माणसांची जागा, म्हणजे रुग्णालय. आपल्या 'रुग्ण अधिक आलय' सारखंच. शब्द श्लायरसारखे छाटले नाहीत. 'लिब्रो', 'पात्रो', 'रोझो' हे युरोपातल्या शिकलेल्या माणसाला पाहताक्षणी कळतात. आपल्याला तेवढे कळत नाहीत, ते सोडा. 'जगाची भाषा' म्हणताना दोघांचंही जग बहुतेक युरोपातच संपत होतं.

आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला इथे घरच्यासारखं वाटावं. एक अक्षर, एक उच्चार, हा त्याचा नियम. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आणि आपल्याकडे 'चाक' मधला च आणि 'चार' मधला च वेगळा, हे परप्रांतीयांना समजावताना आपला घसा बसतो. झामेनहोफने या दोन च साठी दोन स्वतंत्र अक्षरं ठेवली! रोमनमधलं साधं 'सी' म्हणजे 'चाक' मधला च, आणि त्याच 'सी' च्या डोक्यावर छोटी टोपी घातली की 'चार' मधला. तसंच 'जी' ला टोपी घातली की 'जीवन' मधला ज, 'एस' ला टोपी घातली की श. देवनागरीतसुद्धा आपण हे दोन च एकाच अक्षरात कोंबतो. या बाबतीत डॉक्टर आपल्या पुढे गेला.

पण टोप्या महागात पडल्या. अशी टोपीवाली सहा अक्षरं (एकावर टोपीऐवजी अर्धचंद्र) छापखान्यांत नसत. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून त्याने पहिल्याच पुस्तकात सोय दिली की टोपीऐवजी पुढे 'एच' लिहा. पुढे संगणक आले तेव्हा लोक टोपीऐवजी 'एक्स' टाकायला लागले. युनिकोड येण्याआधी आपण मराठी टाइप करताना जे हाल काढले (एकाच्या फॉन्टमधलं पत्र दुसऱ्याकडे नुसते चौकोन होऊन पोचायचं), ते आठवा. तेच दुखणं.

दुसरी कुरकुर होती द्वितीयेबद्दल. कर्माच्या शेवटी 'न' लावायचा. 'ला हुंदो मोर्दिस ला क्नाबोन', कुत्रा मुलाला चावला. आता शब्द उलटे फिरवा, 'ला क्नाबोन मोर्दिस ला हुंदो', तरी चावलं कुत्रंच. आपल्याला यात काय विशेष? 'मुलाला कुत्रा चावला' म्हटलं तरी मूल कुत्र्याला चावत नाही. मराठीचा 'ला' तेच काम करतो. पण इंग्रज आणि फ्रेंच माणसांना हा 'न' म्हणजे छळ वाटे, कारण त्यांच्याकडे शब्दांचा क्रमच सगळं सांगतो. फरक एवढाच की मराठी 'ला' बरीच समजूतदार आहे. आपण 'मी पुस्तक वाचलं' म्हणतो, 'पुस्तकाला वाचलं' म्हणत नाही, कारण पुस्तक उलट मला वाचणार नाही याची खात्री असते. डॉक्टरला अपवाद चालत नसत, म्हणून त्याच्या पुस्तकालाही 'न' लागतो, आणि वर त्या पुस्तकाच्या विशेषणालाही.

आणि एक तक्ता तर असा आहे की तो पाहून मी खुर्चीतून उठलोच. कोण, कुठे, केव्हा, कसा यांचा. त्याच्याकडे प्रश्न 'क' ने सुरू होतो, उत्तर 'त' ने. 'किए' कुठे, 'तिए' तिथे. 'किआम' केव्हा, 'तिआम' तेव्हा. 'किआ' कसा, 'तिआ' तसा. 'किओम' किती, 'तिओम' तितका. त्याला मराठीचा गंधही नव्हता. हे क आणि त आपल्या आणि युरोपातल्या भाषांच्या समाईक जुन्या घरातून आलेत. त्याने फक्त घर झाडून-पुसून घेतलं. फरक हा की आपला 'ज' (जिथे, जेव्हा, जसा) त्याच्याकडे नाही, तिथे तो 'क' वरच भागवतो.

जाता जाता दोन तक्रारी. त्याच्याकडे तू, तुम्ही आणि आपण यांना मिळून एकच 'वि'. आजोबांनाही 'वि' आणि मांजरालाही 'वि'. आणि 'आम्ही' आणि 'आपण' हा आपला सुंदर भेद नाही, दोन्हींना 'नि'. सगळ्या माणसांना एकत्र आणायला निघालेल्या भाषेत 'तुम्हाला धरून आम्ही' म्हणायला वेगळा शब्द नसावा?

पुस्तक छापून आलं ते वॉर्सात, २६ जुलै १८८७ ला, रशियन भाषेत. चाळीस पानं, सोळा नियम, नऊशेच्या आसपास मूळ शब्द. पैसे सासऱ्याने दिले. लेखकाचं नाव 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा करणारा डॉक्टर, आणि लोकांनी भाषेलाच ते नाव देऊन टाकलं. पुस्तकात शपथेच्या चिठ्ठ्या होत्या: एक कोटी लोकांनी शिकायचं जाहीर वचन दिलं तर मीही शिकेन. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, त्याने भाषा शिकलेल्यांचे पत्ते छापले. ते एक हजार होते.

पण त्या पुस्तकातली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट व्याकरणाची नाहीच. आंतरराष्ट्रीय भाषा ही कुठल्याही राष्ट्रीय भाषेसारखीच सगळ्यांची सामाईक मालमत्ता आहे, आणि लेखक तिच्यावरचे आपले सगळे हक्क कायमचे सोडतो आहे, असं त्याने पहिल्याच पुस्तकात छापून टाकलं. लोकांच्या सूचना मागवल्या. १८८८ मध्ये एक दुरुस्ती केली. 'केव्हा' साठी त्याने आधी 'किआन' शब्द ठेवला होता, पण 'कसा' चा 'किआ' आणि त्याला द्वितीयेचा 'न' लागला की तोही 'किआन'! म्हणून 'केव्हा' चा 'किआम' केला. आणि यापुढे मी लेखक म्हणून काही बदलणार नाही, म्हणाला.

हे नुसतं बोलायला सोपं आहे. त्याची परीक्षा झाली १८९४ मध्ये. तोवर व्होलापूकमधून निराश होऊन बरेच लोक इकडे आले होते. न्यूरेंबर्गचं अख्खं व्होलापूक मंडळच १८८८ मध्ये एस्पेरांतोवाले झालं, आणि तिथूनच 'ला एस्पेरांतिस्तो' हे पहिलं मासिक निघू लागलं. या मंडळींना सुधारणांची जुनी सवय. मासिक ज्याच्या पैशावर चालायचं त्या त्रोंपेटरचाही आग्रह. शेवटी झामेनहोफने स्वतःच सुधारणांचा आराखडा मासिकात मांडला. टोप्या काढा. द्वितीयेचा 'न' काढा. विशेषणांचं अनेकवचन काढा. तो सुंदर क-त चा तक्तासुद्धा काढा! आणि मग वाचकांचं मत घेतलं.

२६४ मतं पडली. त्यातली १५७ 'काहीही बदलू नका' अशी होती.

म्हणजे बघा. ज्याने भाषा बनवली त्याचा प्रस्ताव, भाषा शिकलेल्यांनी फेटाळला. आणि त्याने ते मान्य केलं. श्लायरच्या जागी तो असता तर म्हणाला असता, अरे माझी भाषा आहे! पण त्याच्याकडे ते म्हणायचा हक्कच उरला नव्हता, सात वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. ज्यांनी रात्री जागून तो छळवादी 'न' शिकला होता, पत्रं लिहिली होती, भाषांतरं केली होती, त्यांना आता तो आपला वाटत होता. वाईट असेल, पण आमचा आहे. आपल्याकडे शुद्धलेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये केले तेव्हा जुन्या अनुस्वारांसाठी जीव टाकणारी माणसं होतीच ना? आणि सावरकरांनी दिलेला 'महापौर' आपण इतका सहज उचलला की तो कुणी घडवलाय हेही आठवत नाही, पण त्यांची 'अ' ची बाराखडी मात्र नाही उचलली. कुणी ठरवलं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनीच.

पुढचं भराभर सांगतो. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-स्युर-मेरला पहिलं जागतिक अधिवेशन झालं, सोळा नियमांचा 'फुंदामेंतो' कुणीही, अगदी झामेनहोफनेही, बदलायचा नाही असं ठरलं. १९०७ मध्ये लुई कुत्युरा या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या पुढाकाराने सुधारक परत आले. टोप्या नसलेली, विशेषणं न बदलणारी 'इदो' नावाची भाषा त्यांनी पुढे केली. गंमत म्हणजे ती मांडणाऱ्यात लुई द बोफ्राँचा हात होता, आणि त्याला तिथे पाठवलं होतं एस्पेरांतोची बाजू मांडायला! नेते बरेच इदोकडे गेले. सामान्य सभासद फारसे हलले नाहीत. आणि इदोवाल्यांना सुधारणेची चटक लागली ती लागलीच. ऑटो येस्पर्सनसारखा मोठा भाषाशास्त्रज्ञ आधी इदोत गेला, मग १९२८ मध्ये स्वतःची 'नोव्हिआल' घेऊन वेगळा झाला.

झामेनहोफ १९१७ मध्ये वारला, पहिलं महायुद्ध चालू असतानाच. पुढे हिटलरने आपल्या आत्मचरित्रात या भाषेला ज्यूंचं हत्यार ठरवलं. स्टालिनच्या राज्यात १९३७-३८ मध्ये एस्पेरांतोवाल्यांची धरपकड झाली, एर्न्स्ट द्रेझेनसारख्या पुढाऱ्याला गोळी घातली. झामेनहोफचा मुलगा आदाम डॉक्टर होता, त्याला १९४० मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या. धाकटी लिदिया गावोगाव, देशोदेशी ही भाषा शिकवत हिंडायची. १९३७ मध्ये ती अमेरिकेला गेली होती. तिथे राहायची मुदत वाढवून मिळाली नाही, म्हणून १९३८ च्या अखेरीला पोलंडला परत आली. १९४२ मध्ये तिला आणि बहीण सोफियाला त्रेब्लिंकाच्या छावणीत मारलं. बापाने लहानपणी ज्या भांडणावर औषध म्हणून 'न' आणि 'म' जुळवत रात्री काढल्या, ते भांडण शेवटी त्याच्याच घरात शिरलं. हे वाचल्यावर मला दोन दिवस व्याकरण पुढे वाचवलं नाही.

भाषा मात्र वाचली. कुणाच्या आदेशाने नाही, नुसती वापरात राहून. आणि वापरात राहिली म्हणून बदललीही. घशातून काढायचा, फारसीतल्या 'ख' सारखा जो आवाज डॉक्टरने ठेवला होता, तो लोकांना जड जायचा. कुणी ठराव केला नाही, पण चिनी माणसासाठी असलेला 'खिनो' हळूहळू 'चिनो' झाला, 'खेमिओ' (रसायनशास्त्र) चा 'केमिओ' झाला. देशांच्या नावातला 'उयो' जाऊन 'इओ' आला: फ्रान्स आधी 'फ्रान्त्सुयो' होता, आता बहुतेक जण 'फ्रान्त्सिओ' म्हणतात. बाईचा शब्द पुरुषाच्या शब्दाला 'इन' लावून करायचा (पात्रो बाप, पात्रिनो आई), यावर आजची तरुण पोरं-पोरी नाराज आहेत, आणि 'तो' आणि 'ती' च्या पलीकडचं 'रि' असं सर्वनाम वापरायला लागली आहेत. काही जुने लोक 'फुंदामेंतो' काढून दाखवतात. पोरं ऐकत नाहीत. (आजच्या मराठीबद्दल असं काही कानावर आलंय का कुणाच्या?)

हंगेरीतल्या श्वार्त्स नावाच्या कुटुंबाने १९३६ मध्ये ज्यू वाटणारं आडनाव बदलून 'सोरोस' घेतलं. कुटुंबप्रमुख तिवादार एस्पेरांतोत लिहिणारा. एस्पेरांतोत 'सोरि' म्हणजे उंच झेपावणं, आणि 'ओस' हा भविष्यकाळ. 'झेपावेल'. आता बातम्यांत ते नाव ऐकलंत की तो प्रत्यय ओळखा!

आणि एक शेवटचं. जगात थोडी घरं अशी आहेत जिथे आईबाप वेगवेगळ्या देशांचे, आणि पोरांशी एस्पेरांतोतच बोलतात. ती पोरं ही भाषा पुस्तकातून नाही, मांडीवर शिकली. २००१ मध्ये बेंजामिन बर्गेन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने अशा मुलांचं बोलणं तपासलं. त्याला दिसलं की मुलं शब्दांचा क्रम बराचसा ठरावीक ठेवतात, आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. आणि तो द्वितीयेचा 'न', जो १८९४ मध्ये डॉक्टर काढू म्हणत होता आणि १५७ जणांनी काढू दिला नाही, तो बोलण्याच्या ओघात बऱ्याचदा गाळून टाकतात.